आधी पक्कड, मग रॉड

पाइक हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा. तो फ्लायफिशिंगने, म्हणजे पिसांच्या-केसांच्या नकली आमिषाने (त्यालाच फ्लाय म्हणतात) धरायला शिकायचं म्हणून जे फोन करतात, त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा रॉडचा असतो. आठ नंबरचा घेऊ की नऊ? मी सांगते, दोन्ही चालतील, पण आधी लांब नाकाची पक्कड घ्या. तिच्यासोबत तार कापायचं कटर, रबरी जाळीचं मोठं नेट आणि मासा ठेवायला ओली करता येईल अशी मॅट. एवढं जमवलंत की रॉडचं बोलू. पलीकडे क्षणभर शांतता पसरते. माणूस मासा धरायला निघालेला असतो आणि मी त्याला सोडायचं सामान सांगत असते.

नेदरलँड्समध्ये मी नवख्यांना हेच शिकवते. माझा हा क्रम कसा पक्का झाला ते सांगायचं तर एका ऑक्टोबरमधला दिवस सांगावा लागेल.

रॉटरडॅमला नोकरी करणारा एक मराठी मुलगा शिकायला आला होता. बरोबर त्याचे वडील. काका मूळचे हर्णैचे, लेकाकडे दोन महिने राहायला आलेले. मुलाकडे व्हिसपास, म्हणजे इथला गरवण्याचा परवाना, होता. इथे त्याशिवाय पाण्यात गळ टाकता येत नाही. काकांकडे नव्हता, म्हणून मी आधीच सांगितलं, "काका, रॉडला हात लावायचा नाही हं." जन्मभर खाडीत आणि समुद्रात गरवलेल्या माणसाला हे सांगणं मला जड गेलं. ते म्हणाले, "कायदा आहे तर आहे. मी बघतो."

आम्ही गेलो क्रिम्पेनरवार्डला, गौडाच्या दक्षिणेला. समुद्रसपाटीपेक्षा खाली असलेली पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मातीची, गवताळ जमीन (अशा पाणी उपसून राखलेल्या जमिनीला इथे पोल्डर म्हणतात), गाई आणि मैलोन् मैल सरळ रेषेत खणलेले पाण्याचे चर. पाणी जेमतेम कमरेएवढं. नवख्याला हे चर बघून विश्वास बसत नाही की इथे हातभर लांबीचा शिकारी मासा असेल. पण असतो, आणि कुठे असतो तेही बऱ्यापैकी ठरलेलं आहे: दोन चर मिळतात तो कोपरा, रस्त्याखालून जाणाऱ्या पाइपचं तोंड, कुजत चाललेल्या कमळाच्या पानांची कड. पाइकच्या पाठीवरचा आणि पोटाखालचा पर दोन्ही पार शेपटीजवळ असतात. त्यामुळे तो लांब पाठलाग करण्यापेक्षा दबा धरतो आणि एका झेपेत सुटतो. आपण फ्लाय त्याच्या झेपेच्या टप्प्यात नेऊन द्यायची.

मुलाच्या हातात नऊ फुटी, नऊ नंबरचा रॉड दिला. लाइन तरंगणारी, पुढचा भाग जाड, म्हणजे जड फ्लाय ओढून नेता येते. फ्लाय वीतभर लांब, पांढरी-पिवळी, गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केलेला. लीडर, म्हणजे लाइनला पुढे जोडलेली बारीक दोरी, दीड मीटरचा, आणि त्याच्या टोकाला फूटभर स्टीलची तार. तार बघताच काका पुढे सरकले. बोटांत धरून वाकवून पाहिली.

"सुरमईला लावतो तीच."

"जवळजवळ तीच, काका."

"मग हे लोक नायलॉनवर का गरवतात? मघाशी पुलावर एक बसला होता, त्याची तार मला दिसली नाही."

मलाही दिसली नव्हती. इथले बहुसंख्य गरवणारे तार लावतातच, पण काहींचा समज असतो की जाड नायलॉन पुरतं. पाइकच्या खालच्या जबड्यात सुळे असतात आणि वर टाळूवर शेकडो बारीक दात, सगळे घशाकडे वळलेले. नायलॉन कितीही जाड घ्या, त्या दातांवरून आडवं घासलं की संपलं.

सुरुवातीचा तास फेकण्यातच गेला. ओली मोठी फ्लाय फेकणं म्हणजे भिजलेलं फडकं फेकल्यासारखं. ताकद लावली की ती डोक्यामागे येऊन आदळते. म्हणून मी चष्मा आणि टोपीशिवाय कुणाला उभं करत नाही. वारा उजवीकडून होता, तेव्हा त्याला चराच्या दुसऱ्या काठावर नेलं. हवेत लाइन चार-चार वेळा फिरवू नकोस, एकदा मागे, एकदा पुढे आणि सोड, एवढंच सांगत राहिले. बारा-तेरा मीटर जायला लागली. पोल्डरमध्ये त्याहून जास्त लागत नाही.

पाइपच्या तोंडाशी फ्लाय पडली. ओढ, थांब. ओढ, थांब. थांबली असतानाच पाण्याला फुगवटा आला आणि पांढरा ठिपका दिसेनासा झाला. मुलाचा रॉड वर जायला लागला, तसे काका ओरडले, "दोरी ओढ रे, दोरी!" मी तेच सांगणार होते. ट्राउट माशाला उचलतात तसा रॉड उचलला तर पाइकच्या कडक तोंडात गळ रुतत नाही, डाव्या हाताने लाइन खेचावी लागते. त्याने खेचली. बसला.

मासा काठाशी आला तेव्हा मी नेट काकांच्या हातात दिलं. त्यांनी ते आधी पाण्यात बुडवून धरलं, माशाला वर येऊ दिलं आणि डोकं आत गेल्यावर उचललं. मला एक शब्द सांगावा लागला नाही. मीटरला थोडी कमी असावी. एवढी मोठी म्हणजे बहुधा मादीच. हिरव्या अंगावर फिकट पिवळे ठिपके, आणि ते ठिपके प्रत्येक पाइकचे वेगळे असतात, त्यावरून मासा पुन्हा ओळखता येतो.

आमची फ्लाय जबड्याच्या कोपऱ्यात होती, पक्कडीच्या एका वळणात निघाली. मी नेट सैल करणार, एवढ्यात काका म्हणाले, "थांब, ताई. घशातून काहीतरी येतंय."

नायलॉनचा तुकडा होता, साधारण वीतभर, टोकाला पांढरा आणि खरवडलेला. दातांनीच तोडलेला. दुसरं टोक घशात गेलं होतं.

डावा हात ओला करून मी दोन बोटं कल्ल्याच्या झाकणाखाली, जबड्याच्या हाडाला लागून सरकवली. लाल कल्ल्यांना बोट लागता कामा नये. हनुवटीकडून उचललं की तोंड आपोआप उघडतं. आत खोलवर तीन टोकांचा गळ होता, दोन टोकं रुतलेली, भोवतीचं मांस सुजून पांढरं पडलेलं. कुणीतरी मेलेला मासा आमिष लावून टाकला असणार, तारेशिवाय. मासा तुटून गेला आणि गळ घेऊन फिरत राहिला. एवढं होऊनही ती खात होती. मला राग आला होता आणि तो अजूनही येतो.

समोरून पक्कड पोचेना. अशा वेळी कल्ल्याच्या फटीतून बाजूने शिरावं लागतं. माझा नियम असा की मासा पाण्याबाहेर असेपर्यंत मी माझा श्वास रोखते. मला हवा लागली की त्यालाही पाणी लागलंच. पहिल्या खेपेला कटरने एक टोक तोडलं. मासा पुन्हा नेटमध्ये, पाण्यात. काकांनी तो शेपटीपाशी धरून सरळ ठेवला, तोंड पाण्याखाली. मुलगा मॅटवर पाणी ओतत होता. दुसऱ्या खेपेला फटीतून गळाचा दांडा पकडीत आला; तो उलटा फिरवला तसं उरलेलं टोक आपसूक सुटलं. रक्त थोडंच आलं.

काकांनी गळ तळहातावर घेतला. गंजलेला होता. "आम्ही मासा खाण्यासाठी मारतो," ते म्हणाले, "पण असा अर्धा मारून कुणी सोडत नाही." मी म्हटलं, ज्याने हे केलं त्याला कळलंही नसेल, त्याच्या लेखी फक्त दोरी तुटली. त्यांनी मान हलवली. मासा धरून सोडण्याची रीत त्यांना सकाळी विचित्र वाटत होती. संध्याकाळीही ती पूर्ण पटली असेल असं मी म्हणणार नाही. पण नेट त्यांनीच धरलं होतं, आणि ती स्वतःहून शेपटी मारून हातातून निघाली तोवर ते गुडघ्यावर बसून होते. चांगलीच वाट पाहावी लागली. ऑक्टोबरचं गार पाणी होतं म्हणून मला भरवसा होता. उन्हाळ्यात, पाणी वीस अंशांच्या वर गेलं की, मी पाइकचा वर्ग घेतच नाही. तेव्हा दमलेला मासा सावरत नाही.

मुलाला लगेच पुन्हा फेकायचं होतं. त्याची तार मी बघितली. मध्ये पीळ पडला होता. अशी तार पुढच्या माशाला तुटते, म्हणून कापून टाकली. नवी त्याने स्वतः बांधली, आणि गाठ बसली का ते काकांनी दोन्ही हातांनी ताणून पाहिलं. पहिली त्यांनी नापास केली.

गाडीत बसताना काकांनी विचारलं, परदेशी माणसाला व्हिसपास मिळतो का. मिळतो, एखाद्या स्थानिक संघटनेचं सभासद व्हायचं. फक्त 1 मार्चपासून मेच्या शेवटच्या शनिवारपर्यंत पाइकचा हंगाम बंद असतो, तेव्हा येऊ नका. ते म्हणाले, भातकापणी उरकली की येतो, आणि मुलाला तिकिटांचं बघायला सांगितलं.