"कळलं का?" असं विचारायचं नाही

सेकंड सेमला आम्हाला कम्युनिकेशन स्किल्स हा पेपर होता, दोन क्रेडिटचा. तेव्हा वर्गात सगळ्यांचं म्हणणं एकच की हा विषय आदल्या रात्री वाचला तरी सुटतो. मी मात्र खूश होते, कारण मला वाटलं हा तर माझाच विषय आहे. पाचवीपासून दहावीपर्यंत मी वक्तृत्व स्पर्धा केल्यात, तालुक्याला दोनदा पहिला नंबर आलाय. "सन्माननीय व्यासपीठ" पासून ते पहिली घंटा वाजली की समारोपाकडे कसं वळायचं इथपर्यंत सगळं अंगात भिनलेलं होतं. बोलायची भीती मला कधी वाटली नाही. इंग्लिशमध्ये थोडं अडखळायचे पण तेही चालवून न्यायचे.

आणि याच विषयाने मला दाखवून दिलं की मला नुसतं बोलता येतं, कम्युनिकेशन येत नाही. हे दोन वेगळे आहेत हे मला खरंच माहीत नव्हतं.

झालं असं की तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी ग्रुप डिस्कशन घेतलं. आठ जण गोल करून बसलो, दहा मिनिटं, विषय होता कॉलेजमध्ये मोबाइलवर बंदी हवी का. मी सुरुवात केली, मधे दोनदा बोलले, शेवटी सगळ्यांचा मिळून निष्कर्षही मीच मांडला, आणि मनात म्हटलं झालं काम. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मला विचारलं, "तुझ्या डावीकडे जो बसलाय त्याने काय मुद्दा मांडला? त्याचे शब्द नकोत, तुझ्या शब्दांत सांग." मी म्हटलं की मोबाइलमुळे अभ्यासात लक्ष लागत नाही असं तो म्हणाला. मॅडम त्याला म्हणाल्या, "बरोबर आहे का रे?" तो मुलगा नांदेडकडचा आहे, कमी बोलतो. तो जरा थांबला आणि म्हणाला, "नाही मॅडम, मी म्हणत होतो माझ्याकडे लॅपटॉप नाही, माझे सगळे असाइनमेंट आणि पुस्तकांच्या पीडीएफ मोबाइलवरच आहेत, बंदी आली तर माझा अभ्यास बंद होईल."

म्हणजे तो जे म्हणाला त्याच्या बरोब्बर उलटं मी त्याच्या नावावर टाकलं होतं. आणि निष्कर्षात तर "आमच्या ग्रुपचं एकमत" असं मी ठणकावून सांगून बसले होते. तो बोलत होता तेव्हा मी त्याच्याकडेच बघत होते, मानही हलवत होते (ते शिकवलेलं असतं ना, आय कॉन्टॅक्ट वगैरे), पण डोक्यात माझं पुढचं वाक्य जुळत होतं. त्याचा लॅपटॉप नाही हे मला तोवर माहीतही नव्हतं, एकाच वर्गात चार महिने बसून. रात्री हॉस्टेलवर झोप लागेना. मार्क गेले याचं फारसं काही नाही वाटलं, पण तो माणूस शेजारी बसून स्वतःची अडचण सांगत होता आणि मी ती ऐकलीच नाही, हे फार लागलं.

मग मी तो विषय खरा वाचायला घेतला.

पुस्तकात पहिल्याच चॅप्टरला ती आकृती असते, सगळ्यांना आठवत असेल. बोलणारा, मग संदेश, मग चॅनल, मग ऐकणारा, आणि मधे कुठेतरी नॉइज. मी ती पाच मार्कांसाठी पाठ केली होती. नंतर शोधलं तर कळलं की हिचं मूळ क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञ-इंजिनिअरच्या 1948 च्या पेपरमध्ये आहे. ते बेल लॅब्ज या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत होते आणि त्यांच्यासमोरचा प्रश्न टेलिफोन, टेलिग्राफ असा होता, म्हणजे तारेतून सिग्नल पाठवला आणि मधे खरखर झाली तरी पलीकडे तो बिनचूक कसा मिळवायचा. त्यांनी तिथेच सुरुवातीला सांगून टाकलंय की संदेशाच्या अर्थाशी या इंजिनिअरिंगच्या प्रश्नाला देणंघेणं नाही. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की शॅनन यांच्या त्या आकृतीत उलटा बाण नाही. ऐकणाऱ्याकडून बोलणाऱ्याकडे येणारा, ज्याला आपण फीडबॅक लिहितो, तो. तो नंतरच्या लोकांनी जोडला, जेव्हा हीच आकृती माणसांच्या बोलण्याला लावायला घेतली तेव्हा. तार असेल तर एका दिशेने चालतं, माणसांचं नाही चालत. माझं सगळं वक्तृत्व म्हणजे तो बाण नसलेली आकृती होती. स्टेजवरून बोलायचं, टाळ्या घ्यायच्या आणि उतरायचं, समोरच्याला काय पोचलं हे स्पर्धेत कुणी विचारतच नाही.

नॉइज हा शब्दही मी आधी "गोंगाट" एवढाच समजत होते. बॅरिअर्सचे, म्हणजे संदेश पोचण्यातल्या अडथळ्यांचे, प्रकार आपण लिहितो, फिजिकल, सिमँटिक, सायकॉलॉजिकल, आणि प्रत्येकाला एक उदाहरण देऊन पुढे जातो. मॅडमनी प्रेझेंटेशनसाठी एक खरी घटना शोधून आणायला सांगितली होती, मी टेनेरीफचा विमान अपघात घेतला आणि तो वाचताना अंगावर काटा आला, कारण तिथे हे तिन्ही एकाच मिनिटात आहेत.

27 मार्च 1977. कॅनरी बेटांमधलं टेनेरीफ. शेजारच्या बेटावरच्या एअरपोर्टवर बॉम्ब फुटला म्हणून तिकडची विमानं इकडे वळवलेली, एअरपोर्ट लहान, विमानांची गर्दी, त्यात ढग खाली उतरलेले आणि धुक्यात समोरचं काही दिसत नाही. दोन जंबो जेट, एक केएलएम या डच कंपनीचं आणि एक पॅन अ‍ॅम या अमेरिकन कंपनीचं, एकाच रनवेवर. केएलएमच्या को-पायलटने रेडिओवर सांगितलं, आम्ही आता टेक-ऑफला आहोत. कंट्रोल टॉवरला वाटलं हे टेक-ऑफच्या जागी उभे आहेत आणि परवानगीची वाट बघतायत. प्रत्यक्षात विमान धावायला लागलं होतं. टॉवर म्हणाला ओके, आणि लगेच पुढे म्हणाला थांबा, मी कळवतो. नेमकं त्याच क्षणी पॅन अ‍ॅमवाल्यांनी घाईने सांगितलं की आम्ही अजून रनवेवरच आहोत. दोघं एकाच वेळी बोलले म्हणून केएलएमच्या कॉकपिटमध्ये नुसती शिट्टीसारखी किंचाळी ऐकू आली, नीट ऐकू आला तो एकच शब्द, ओके. त्यानंतरही एक संधी होती. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती, त्याने विचारलंही की ते पॅन अ‍ॅमचं विमान बाजूला झालेलं नाही का, पण कॅप्टन ठामपणे हो म्हणाला आणि विषय तिथेच संपला. तो कॅप्टन कंपनीतला फार सीनिअर, इतरांना ट्रेनिंग देणारा. 583 माणसं गेली.

रेडिओची किंचाळी फिजिकल, "टेक-ऑफला आहोत" या शब्दांचे दोन अर्थ ते सिमँटिक, आणि सीनिअर हो म्हणाला की ज्युनिअरने गप्प बसायचं ते सायकॉलॉजिकल. वर्गात मी हे सांगत होते तेव्हा पहिल्यांदा माझं लक्ष आवाजाच्या चढउताराकडे नव्हतं, मला फक्त हे समोरच्यांना समजायला हवं होतं. त्यानंतर विमानवाल्यांनी नियम बदलले. टेक-ऑफ हा शब्द आता प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी डिपार्चर म्हणायचं. आणि महत्त्वाच्या सूचनेला नुसतं ओके किंवा रॉजर (म्हणजे रेडिओवरचं "ऐकलं") चालत नाही, सूचना तोंडाने परत म्हणून दाखवायची. आणि शंका आली तर ज्युनिअरने पुन्हा पुन्हा बोलायचं आणि कॅप्टनने ते ऐकायचं, याचं वेगळं ट्रेनिंग पुढे सुरू झालं. मला हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे घरात काय आणि कॉलेजात काय, मोठ्यांना दुसऱ्यांदा विचारलं की तो उद्धटपणा समजतात.

बाकी सिलॅबसमध्ये बरंच होतं, सगळ्यावर लिहीत नाही. सेव्हन सीज (चांगल्या संदेशाचे इंग्लिश C पासून सुरू होणारे सात गुण), लेटरचे फॉरमॅट, मिनिट्स ऑफ मीटिंग. एक मात्र सांगते, ते 7-38-55 वालं, म्हणजे शब्दांचं महत्त्व फक्त 7 टक्के आणि बाकी सगळं आवाज आणि चेहरा, हे कित्येक स्लाइडवर छापलेलं असतं. ते तसं नाहीये. अल्बर्ट मेहरेबियन या मानसशास्त्रज्ञाचे 1967 चे प्रयोग होते आणि त्यात प्रश्न एवढाच होता की शब्द एक सांगतायत आणि आवाज किंवा चेहरा दुसरं, तर समोरच्याची भावना ओळखताना लोक कशावर विश्वास ठेवतात. त्यावरून "शब्दांना 7 टक्केच किंमत" असं काढणं चूक आहे, मेहरेबियन यांनी स्वतःही हे सांगितलंय. सात टक्क्यांत कुणाला औषधाचा डोस सांगून दाखवा.

लेटर रायटिंगचा उपयोग मात्र घरी लगेच झाला. आजोबांच्या वीज मीटरचं रीडिंग तीन महिने न घेताच बिल येत होतं, आजोबांनी अर्ज केलेला, पानभर, "वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की" पासून सुरू होऊन मधे घरची परिस्थिती, वय, गुडघेदुखी सगळं. उत्तर आलं नव्हतं. मी म्हटलं आजोबा, मी परत लिहू का, तर ते म्हणाले लिही. आधी त्यांना बसवून सगळं ऐकून घेतलं, मधे बोलले नाही. मग सहा ओळींचा अर्ज केला. पहिल्या ओळीत काय हवंय ते, मग ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, आजचं रीडिंग, बिलावरचं रीडिंग, मीटरचा फोटो जोडला आहे, फोन नंबर. आजोबांना वाचून दाखवला तर म्हणाले, "माझं दुखणं नाही लिहिलंस?" मी त्यांना समजावलं की जो माणूस हा अर्ज वाचणार त्याला रीडिंग लागणार आहे. त्यांना ते पटलं नाही पूर्ण. पण रीडिंग घ्यायला माणूस आला आठ दिवसांत.

आता आईचं. माझी आई आशाताई आहे, म्हणजे आशा वर्कर, आमच्या गावाला आणि दोन वस्त्यांना. मी लहानपणापासून तिला वह्या घेऊन फिरताना बघतेय, पण ती नेमकं कसं बोलते हे मी कधी ऐकलंच नव्हतं. गेल्या जूनमध्ये सुट्टीला घरी होते, अतिसाराची मोहीम चालू होती, पाच वर्षांखालच्या पोरांच्या घरी ओआरएसची पाकिटं वाटायची. आईचे पाय दुखत होते म्हणून मी म्हटलं बोलायचं काम मी करते, तू फक्त नोंद कर.

पहिल्याच घरी एक सून होती, मांडीवर दीड वर्षाचा मुलगा. मी तिला छान सावकाश समजावून सांगितलं. एक पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, पाणी उकळून गार केलेलं, केलेलं पाणी चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर टाकून द्यायचं, प्रत्येक जुलाबानंतर थोडं थोडं पाजायचं, आणि झिंकची गोळी रोज एक, 14 दिवस, जुलाब थांबले तरी बंद करायची नाही. आकृतीतला बाण डोक्यात होता म्हणून शेवटी आठवणीने विचारलं, "कळलं का ताई?" ती म्हणाली हो. मान हलवली, हसली पण. मी उठायला लागले.

आई ओट्यावर तशीच बसून राहिली. ती म्हणाली, "सुनबाई, ज्या भांड्यात करशील ते भांडं आण बरं."

सून आत गेली आणि स्टीलचा पेला घेऊन आली. पाणी प्यायचा, साधा.

मी बघतच राहिले. एक लिटरचं पाकीट त्या पेल्यात टाकलं असतं तर ते इतकं खारट झालं असतं की लेकराला पाजणं धोक्याचं. आणि तिची चूक काहीच नव्हती, एक लिटर म्हणजे तिच्या घरात कुठलं भांडं हे मी तिला सांगितलंच नव्हतं. आई तिला अजिबात रागावली नाही, "असं कसं" पण म्हणाली नाही. पिशवीतून पाण्याची रिकामी एक लिटरची बाटली काढली, ती बाटली आई कायम बरोबर ठेवते. म्हणाली ही भर आणि तुझ्या पातेल्यात ओत. सुनेने ओतली. पाणी पातेल्याच्या कड्यांच्या जरा खाली आलं. आई म्हणाली, "इथवर. दिसतंय ना, कड्यांच्या खाली. आता मला सांग, उद्या मी नाही आले तर कसं करशील?" आणि मग ती सून बोलायला लागली, अगदी पाकीट कात्रीने कापण्यापासून, आणि झिंकपाशी आल्यावर तिने उलट विचारलं की गोळी पोराला गिळता येत नाही तर काय करू. हे तर मी सांगितलंच नव्हतं. आई म्हणाली चमच्यात पाणी घेऊन विरघळव.

बाहेर आल्यावर मी आईला म्हटलं की हे तू कुठे शिकलीस, आमच्या पुस्तकात आहे हे. ती म्हणाली, "ट्रेनिंगमधे सांगतात, पण मला आधीच कळलं होतं. कळलं का असं कधी विचारायचं नाही गं. कळलं का म्हटलं की सगळ्याच हो म्हणतात, नाही म्हणायची लाज वाटते ना. त्यांनाच सांगायला लावायचं." मग जरा चालल्यावर म्हणाली, "आणि भांडं बघायचं."

पुढच्या घरी बाटली मी घेतली हातात.