निलगिरीच्या गाडीत, इंजिनाजवळच्या डब्यात

बाबांच्या शेवटच्या आठ महिन्यांत रात्रभर माझा कान त्यांच्या श्वासावर असायचा. ते गेले, पण कानाची सवय गेली नाही. रात्री दोनला दचकून जाग यायची आणि मी अंधारात काहीतरी ऐकत बसायचे. धाकटी बहीण म्हणाली, "ताई, बाबांची उटीची गाडी राहिली ना? आपण जाऊन येऊ." फेब्रुवारीत गेलो.

मुंबईहून कोइम्बतूरला थेट गाडी आहे, तिथून मेट्टुपालयम जवळच. उटीची गाडी सकाळी ७.१० ला सुटते, त्यामुळे आदल्या रात्री मेट्टुपालयमलाच मुक्काम करा.

तिकीट काढताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. वाफेचं इंजिन मेट्टुपालयम ते कुन्नूर एवढ्याच टप्प्यात असतं. पुढे उटीपर्यंत डिझेल. उटीहून कुन्नूरची छोटी फेरी करणाऱ्यांना वाफ दिसत नाही. ४६ किलोमीटरचा पूर्ण प्रवास चढतीला जवळपास पाच तास घेतो. जागा थोड्या असतात, तेव्हा आरक्षण सुरू होईल त्याच दिवशी काढून टाका. ऑक्टोबर ते डिसेंबर टाळलेलं बरं. त्या पावसात दरडी कोसळून मार्ग बंद पडतो. डब्यात स्वच्छतागृह नाही, मोठ्या बॅगांना जागा नाही.

कल्लारपर्यंत गाडी साधीच धावते. तिथे दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी सुरू होते आणि इंजिनाखालचं दातेरी चाक तिच्यात अडकतं. भारतात असा मार्ग हा एकच. बारा फुटांमागे एक फूट अशी चढण, वेग ताशी जेमतेम तेरा किलोमीटर. चढताना इंजिन मागून ढकलतं, त्यामुळे सगळ्यांना पुढचा डबा हवा असतो, समोर मोकळी दरी दिसते म्हणून. आम्हाला शेवटचा मिळाला आणि मी तर म्हणेन, मिळाला तर तोच घ्या. इंजिन अगदी पाठीशी असतं.

कल्लारनंतर त्याचा आवाज जड होतो. एक उसासा, मग दुसरा, मग तिसरा. वळणावर जरा दमल्यासारखा, बोगद्यात छातीत घुमणारा. आधी माझी मूठ आवळली गेली. पुढचा श्वास येईल ना, हीच ती जुनी धास्ती. पण तो येत राहिला. ॲडर्ली गेलं, बोगदे गेले, तो येतच राहिला. मूठ कधी सुटली, कळलं नाही.

हिलग्रोव्हला इंजिन पाणी पितं. खाली उतरून जवळ जा, तापलेल्या तेलाचा वास घ्या. खाऊ मात्र पिशवीतच ठेवा, माकडं हातातून ओढून नेतात. प्रत्येक डब्याच्या टोकाला हिरवं-लाल निशाण घेऊन एक ब्रेकवाला उभा असतो. शिट्टीच्या खुणेवर तो आपल्या डब्याचा ब्रेक सांभाळतो. हा मार्ग १८९९ मध्ये कुन्नूरपर्यंत सुरू झाला. आजही तो माणसांच्या हातांवर चालतो, याचं मला फार अप्रूप वाटलं.

कुन्नूरला इंजिन सुटून बाजूला गेलं. बहीण इडली आणायला पळाली. मी फलाटाच्या टोकाशी उभी राहून ते वाफ सोडत थांबलेलं बघत होते. बाबांना हे सगळं सांगावंसं वाटलं, आणि मनातल्या मनात सांगितलंही.

उटीला थंडी कडक होती. फेब्रुवारीतही स्वेटर, कानटोपी न्याच. रात्री साडेनऊला आडवी झाले. डोळे उघडले तेव्हा खिडकीत ऊन आलं होतं आणि बहिणीचा दुसरा चहा चालला होता.