व्हिडिओ कॅसेटपासून ओझूच्या कप्प्यापर्यंत : आमची वाटचाल

बाबांनी १९८५ साली सदाशिव पेठेत, नागनाथ पारापासून चार पावलांवर, व्हिडिओ लायब्ररी टाकली तेव्हा दुकानात ६० कॅसेट आणि दोन व्हीसीआर होते. कॅसेटपेक्षा व्हीसीआरच जास्त फिरायचे, वाड्यातली बिऱ्हाडं वर्गणी काढून शनिवारी रात्री टीव्हीसकट भाड्याने न्यायची, एका रात्रीत तीन पिक्चर बघायची आणि रविवारी सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी परत आणून द्यायची. मी तेव्हा आठवीत. माझं काम म्हणजे परत आलेल्या कॅसेट रिवाइंड करायच्या आणि पावसाळ्यात बुरशी धरलेली टेप हळूहळू फिरवत स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची. पांढरी बुरशी तशीच राहिली तर व्हीसीआरचं टेप वाचणारं हेड जायचं, आणि हेड बदलायचं म्हणजे आठवड्याची कमाई गेली.

१९९६ ला दुकान माझ्या हातात आलं तेव्हा केबल घरोघर पोचली होती आणि धंदा उतरायला लागला होता. पुढच्या दोन वर्षांत व्हीसीडी, म्हणजे सिनेमाची सीडी, आली, आम्हीही ठेवल्या. त्याच सुमाराला लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधली एक मुलगी दुकानात आली, शेल्फवरनं सावकाश नजर फिरवली आणि विचारलं, "दादा, कुरोसावा आहे का?" मी म्हटलं कुठल्या हिरोचा? ती हसली नाही, उलट काउंटरवरच्या बिलाच्या मागे तिने मला चार नावं लिहून दिली. कुरोसावा, बर्गमन, द सिका, फेलिनी. कुरोसावा जपानचा, बर्गमन स्वीडनचा, बाकी दोघे इटलीचे, चौघेही दिग्दर्शक. हा कागद मी जपून ठेवलाय. त्या नावांचं मी पुढे काय केलं तीच आमच्या दुकानाची खरी गोष्ट आहे, बाकी मशिनं बदलली एवढंच.

पुण्यात राहून हे माहीत नसणं मला फार लागलं. म्हणजे बघा, प्रभात कंपनी १९३३ ला कोल्हापूरहून इथे आली, त्याच जागेत १९६० ला फिल्म इन्स्टिट्यूट, १९६४ ला शेजारी जुने सिनेमे जपणारं फिल्म आर्काइव्ह, पी. के. नायर सरांनी आयुष्य घालून देशोदेशीच्या सिनेमांच्या प्रिंट तिथे गोळा केलेल्या, आणि त्यापासून सायकलने दहा मिनिटांवर मी पिक्चरचं दुकान चालवतोय. मग २००१ च्या उन्हाळ्यात दुकान बाबांवर सोपवून मी तिथला फिल्म अप्रिसिएशनचा, म्हणजे सिनेमा कसा बघायचा त्याचा, महिन्याचा कोर्स केला. सकाळी लेक्चर, मग प्रिंटवर सिनेमा, मग चर्चा. द सिकाचा 'बायसिकल थीव्ज' तिथे पहिल्यांदा पाहिला, १९४८ चा. भिंतीवर पोस्टर चिकटवायची नोकरी, तिला सायकल लागते, आणि ती सायकल पहिल्याच दिवशी चोरीला जाते, एवढीच गोष्ट. सायकलींच्या गावात वाढलेल्या माणसाला ती सायकल काय आहे हे कुणी वेगळं सांगायला नको होतं. शेवटी बाप स्वतःच सायकल चोरायला जातो, पकडला जातो, पोरगं बघतं, आणि मग गर्दीत त्याचा हात धरतं. हॉलमधनं बाहेर आल्यावर मी बराच वेळ कुणाशी बोललो नाही.

घरी येऊन बाबांना सांगितलं की हे पिक्चर आपल्याकडे पाहिजेत. बाबा म्हणाले कोण नेणार? मी म्हटलं आधी मी नेणार.

पहिला माल न्यू जर्सीच्या मामेभावाने आणला, १२ डीव्हीडी, २००२ च्या डिसेंबरात. एका डिस्कला जवळजवळ ३० डॉलर पडले होते, बाबांना मी पूर्ण आकडा सांगितला नव्हता. पहिली डिस्क प्लेअरमध्ये घातली तर स्क्रीनवर फक्त रीजन चुकीचा असल्याची पाटी. डीव्हीडीसाठी जगाचे सहा रीजन, म्हणजे विभाग, केलेले असतात, अमेरिका १, युरोप-जपान २, आपण ५, आणि एका रीजनचा प्लेअर दुसऱ्याची डिस्क घेत नाही. दुसऱ्या दिवशी प्लेअर कॅरिअरला बांधून तपकीर गल्लीत गेलो, तिथल्या एका कारागिराने रिमोटवर कुठलीशी बटणं ठराविक क्रमाने दाबून दोन मिनिटांत तो सगळ्या रीजनचा करून दिला आणि पैसे घेतले नाहीत. मी त्याला कुरोसावाचा 'राशोमोन' दाखवतो म्हटलं, आणि खरंच तो रविवारी दुकानात आला, पूर्ण पाहिला. एक खून, चार जणांच्या चार हकिगती, खरं कोण बोलतंय ते कुरोसावा शेवटपर्यंत सांगत नाही. तो म्हणाला, आमच्या गल्लीत मशीन कुणी बिघडवलं विचारलं की असंच होतं. १९५१ ला व्हेनिसमध्ये गोल्डन लायन मिळालेला सिनेमा त्याला सबटायटलच्या अर्ध्या इंग्रजीत बरोब्बर कळला होता. परदेशी पिक्चर फक्त शिकलेल्यांसाठी असतात हा समज माझ्या डोक्यातनं त्या दिवशी कायमचा गेला.

मेंबर वाढले तशा भानगडीपण वाढल्या. एक काका 'सेव्हन सामुराय' परत घेऊन आले, म्हणाले, "यातली आठ मिनिटं कापलीत, पुस्तकात २०७ मिनिटं लिहिलंय आणि ही १९९ ला संपते, पैसे परत द्या." मी डिपॉझिटमधनं भाडं वजा केलं नाही, पण चैन पडेना. शोधत गेलो तेव्हा कळलं. सिनेमा शूट होतो सेकंदाला २४ फ्रेमवर, युरोपातला आणि आपला टीव्ही पॅल पद्धतीचा, म्हणजे २५ फ्रेमचा, मग डिस्क बनवणारे सरळ २४ चा सिनेमा २५ ने पळवतात. चार टक्के वेग वाढला की २०७ चे १९९ होतात, एकही फ्रेम न कापता. पण आवाजाची पट्टी किंचित चढते. तबला वाजवणारे आमचे एक मेंबर होते, त्यांनी ते फक्त ऐकून ओळखलं. तेव्हापासून मी प्रत्येक डिस्कची मिनिटं वहीत लिहायला लागलो, त्याच्यापुढे रीजन, पॅल की एनटीएससी (अमेरिका-जपानची टीव्ही पद्धत), फ्रेमचा आकार बरोबर आहे की वरखाली कापलाय, सबटायटल कशी आहेत. ही वही म्हणजे दुकानाचं भांडवल. पुढे डीव्हीडीच्या पुढची डिस्क ब्लू-रे आली, ती बहुतेक २४ वरच चालते त्यामुळे हा प्रश्न सुटला, पण वही चालूच आहे, आता सहावी.

दुकानाची मुख्य पद्धत मात्र वेगळ्याच गोष्टीतनं आली. लोक एक बर्गमन न्यायचे, जड वाटला म्हणून परत आणायचे, मग एक फेलिनी, मग परत शोले. मला वाटायला लागलं की यात चूक आपली आहे, आपण एकेक पिक्चर देतोय, माणूस देतच नाही. गाण्यात आपण एका गायकाची एक चीज ऐकून उठत नाही ना. मग २००५ पासून "एक दिग्दर्शक पूर्ण" सुरू केलं. मेंबरने एकच दिग्दर्शक घ्यायचा आणि आमच्याकडे त्याचं जेवढं आहे तेवढं ओळीने बघायचं, दर आठवड्याला एक, भाडं निम्मं. रशियाचा तार्कोव्हस्की सगळ्यात सोपा पडायचा, कारण माणसाने मोठे सिनेमे सातच केले, १९६२ चा 'इव्हान्स चाइल्डहुड' ते १९८६ चा 'सॅक्रिफाइस', दोन महिन्यांत अख्खा होतो. सोपा म्हणजे मोजायला सोपा. त्याच्या 'स्टॉकर' ला तीन जण अर्ध्यावर थांबले होते, त्यातले दोघे वर्षभराने आपणहून परत आले.

पण माझा जीव ओझू या जपानी दिग्दर्शकामध्ये. याने पन्नासच्या वर सिनेमे केले, मूकपटांतले बरेच हरवलेत, राहिले त्यातले बहुतेक घराघरातलेच, मुलीचं लग्न, म्हातारे आईबाप, ऑफिस, दोन घोट साके. कॅमेरा जमिनीपासून जेमतेम हातभर उंचीवर आणि शक्यतो हलत नाही. आपण पाटावर बसून समोरच्याशी बोलतो ती उंची. पहिले दोन-तीन पाहताना सगळे सारखेच वाटतात, तीच नावं, तेच नट, तसलेच दारातून दिसणारे कॉरिडॉर, चौथ्या-पाचव्याला मात्र कुणी नुसता चहाचा कप खाली ठेवला तरी आपल्याला कळतं घरात काय झालंय. हे एक पिक्चर नेऊन होणारच नाही. माझी बायको सुरुवातीला म्हणायची या जपान्यांकडे काहीच कसं घडत नाही, आता ती मला सांगते की कुठली फुलदाणी कुठल्या सिनेमात होती.

'टोकियो स्टोरी' १९५३ चा. गावाकडचे म्हातारे नवराबायको टोकियोतल्या मुलांकडे जातात, मुलं वाईट नाहीत, फक्त कामात आहेत, मग त्यांना गरम पाण्याच्या गावाला पाठवून देतात, आणि शेवटी जीव लावते ती लढाईत गेलेल्या मुलाची बायको. बापाचं काम केलेला नट चिशू र्‍यू तेव्हा ४९ वर्षांचा होता हे सांगितल्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. पुण्यात, कोथरूड-एरंडवण्यात, हे पिक्चर मी कुणाला दिलं की जरा थांबून देतो, कारण दर दुसऱ्या घरातलं पोरगं सॅन होजेला नाहीतर न्यू जर्सीला. बँकेतनं रिटायर झालेले एक काका-काकू मुलांकडे अमेरिकेत सहा महिने राहून परत आलेले, त्यांनी नेलं. दुसऱ्या दिवशी काका डिस्क द्यायला आले, काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "आम्हालापण फिरायला पाठवलं होतं हो, नायगाराला." एवढंच बोलून गेले. पुढच्या आठवड्यात दोघं मिळून आले, ओझूचं दुसरं काय आहे विचारायला.

२००७ ते २०१२ ही आमची सगळ्यात चांगली वर्षं. आपल्याकडच्या कंपन्यापण तेव्हा जागतिक सिनेमाच्या डीव्हीडी काढत होत्या, परवडणाऱ्या किमतीत. ३० जुलै २००७ ला बर्गमन आणि इटलीचा दिग्दर्शक अँतोनिओनी एकाच दिवशी गेले, बातमी कळल्यावर दोन दिवसांत दोघांचे कप्पे रिकामे झाले, लोक न सांगता येत होते, आणि मी संध्याकाळी शटर अर्धं ओढून बर्गमनचा 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज' लावला. १५ जण होते, खुर्च्या शेजारच्या शिंप्याच्या.

याच काळात मला खूप जणांनी सांगितलं की डिस्क राइट करून वीक, ४० रुपयांत निघते, आजूबाजूचे तेच करतायत. मी नाही केलं. एक तर चोरी ती चोरी. दुसरं, घरी राइट केलेल्या डिस्कमध्ये माहिती एका रंगाच्या थरात असते, उन्हाने-उष्म्याने तो थर फिका पडतो आणि काही वर्षांत डिस्क अडकायला लागते, तर कारखान्यात छापलेल्या डिस्कमध्ये खड्डे प्लास्टिकमध्येच दाबलेले असतात. माझ्याकडची २००२ ची पहिली १२ च्या १२ आजही चालतात. गिऱ्हाईक गेलं, बरंच गेलं, एका घाऊकवाल्याने तर आमचे पाऊण लाखाचे ॲडव्हान्स बुडवून धंदाच बंद केला. त्या वर्षी बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या, त्या सोडवायला १४ महिने लागले.

२०१६ नंतर स्ट्रीमिंग आलं, डेटा स्वस्त झाला, आणि भाड्याने डिस्क न्यायचं लोकांचं थांबलंच म्हणायला हरकत नाही. पण गंमत अशी की विकत घेणारे उरले, उलट थोडे वाढले. आज दिसणारा सिनेमा पुढच्या महिन्यात ॲपवरनं गायब होतो, त्यामुळे ज्याला एखादं काम आपलं वाटतं त्याला ते घरात हवं असतं. शिवाय प्रिंटचा फरक. सत्यजित रे यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या लॅबच्या आगीत होरपळल्या होत्या, वर्षानुवर्षं पडून राहिल्या, मग त्या ठिसूळ फिती रसायनात भिजवून मऊ केल्या, हाताने दुरुस्त केल्या, जे उरलं नव्हतं ते दुसऱ्या प्रतींवरनं घेतलं आणि २०१५ ला नवी आवृत्ती आली. ब्लू-रेवर त्यातला 'पाथेर पांचाली' पाहिला तेव्हा काश नावाच्या गवताच्या फुलांचं रान मला पहिल्यांदा नीट दिसलं, आधीच्या व्हीसीडीवर तो नुसता पांढरा ढग होता. हे मेंबरांना दोन्ही एकापाठोपाठ लावून दाखवतो, मग समजवायला लागत नाही.

आता आम्ही मुख्यतः ऑर्डर घेऊन मागवतो, जुने प्लेअर दुरुस्त करून देतो, आणि कुणाचा संग्रह लावून द्यायचा असेल तर घरी जाऊन वही करून देतो. माझी लेक चौथीत असताना तिला किआरोस्तामीचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस' दाखवला होता, मित्राची वही चुकून आपल्याकडे आली म्हणून डोंगरावरनं पलीकडच्या गावात धावत जाणारा पोरगा, १९८७ चा इराणी सिनेमा. तिने दुसऱ्या दिवशी दप्तर दोनदा तपासलं. आता ती कॉलेजला आहे आणि मागवायच्या याद्या तीच करते.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा अरण्येश्वरजवळ आमच्या खालच्या खोलीत राखीव माल होता, ९००च्या आसपास डिस्क. कमरेएवढं पाणी, गाळ, ड्रेनेज. पहाटे खोकी बाहेर काढली तर कव्हरं, पुस्तिका, सगळ्याचा लगदा. आम्ही रडलो खरं सांगायचं तर, बाबा तर पायरीवरच बसून राहिले. मग लेक म्हणाली की डिस्क प्लास्टिकची आहे, धुवून बघू. तीन दिवस अंगणात टब मांडून साध्या पाण्यात, मग सौम्य साबणात, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये, आणि पुसायचं ते मधून कडेकडे सरळ, गोल गोल कधीच नाही, कारण गोल ओरखडा लेझरला सलग आडवा येतो. मेंबर येत गेले, कुणी टॉवेल आणले, 'टोकियो स्टोरी' नेलेल्या त्या काकू डबा घेऊन आल्या. ९०० मधल्या ८६० च्या वर डिस्क वाचल्या.

त्या मी विकत नाही. साध्या पांढऱ्या पाकिटात घातल्यात, वर नाव बाबांच्या अक्षरात, त्यांनी दोन महिने बसून लिहिलं. दुकानात डावीकडचा खालचा कप्पा त्यांचा, ज्याला विकत घेणं परवडत नाही त्याने वहीत नाव लिहून न्यायच्या, डिपॉझिट नाही. आत्ता त्यातल्या १९ बाहेर आहेत.