ब्रिस्टलचं जॉर्जियन हाउस: आधी वर, मग खाली

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवरचं ७ नंबरचं घर, म्हणजे आजचं जॉर्जियन हाउस म्युझियम, साखरेच्या पैशातून उभं राहिलं. कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावर उसाचे मळे असलेल्या जॉन पिनीने १७९० च्या सुमारास ते बांधून घेतलं, म्हणजे पुण्यात सवाई माधवराव पेशवे होते तेव्हा. चार मजले, अकरा खोल्या, प्रवेश मोफत (दानपेटी आहे). तास-सव्वा तास पुरतो.

लोक दारातून शिरतात आणि समोर दिसेल त्या खोलीपासून सुरुवात करतात. तसं करू नका. सरळ वरच्या मजल्यावरच्या छोट्या प्रदर्शनाकडे जा. मळ्याचा कारभार आणि पेरो या गुलामाची हकिगत तिथे आहे. १७६५ मध्ये पिनीने त्याला बारा वर्षांचा असताना दोन बहिणींसह विकत घेतलं. पुढे तो पिनीचा खासगी नोकर म्हणून ब्रिस्टलला आला आणि १७९८ मध्ये वारला, तोही स्वतंत्र न होता. फॅनी कोकर या दासीला मात्र १७७८ मध्येच मुक्त केलं होतं. हे वाचून मग दिवाणखाना आणि जेवणाचं टेबल पाहिलं, की चांदीची भांडी नुसती शोभेची राहत नाहीत.

तळघर शेवटी ठेवा, पण घाईत उरकू नका. स्वयंपाकघर आणि धुण्याची खोली तर आहेच, पण खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे थंड पाण्याचा हौद. गार पाण्यात डुबकी मारली की प्रकृती ठणठणीत राहते, असं तेव्हाचे डॉक्टर सांगत. ब्रिस्टलच्या हवेत, तळघरातल्या दगडी हौदात! कल्पनेनेच हुडहुडी भरते.

लिफ्ट नाही, जिने बरेच आहेत. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर आधीच विचार करा. कॅफेही नाही, तेव्हा पार्क स्ट्रीटवर खाऊन घ्या. हिवाळ्यात म्युझियम बंद असतं आणि एरवीही आठवड्यातले काही दिवस उघडत नाही. ब्रिस्टल म्युझियम्सच्या संकेतस्थळावर वार पाहूनच गाडीचं तिकीट काढा. बंद दारापर्यंत जाऊन परतणारे पुष्कळ. टेंपल मीड्स स्टेशनपासून चालत अर्धा तास धरा. पार्क स्ट्रीटचा शेवटचा चढ दमवतो, सोबत सामान असेल तर बसच बरी.

उतरताना पार्क स्ट्रीटच्या पायथ्याशी कॉलेज ग्रीनवर राजा राममोहन रॉय यांचा पुतळा लागतो. तिथून पाच-सात मिनिटांवर बंदरात पेरोज ब्रिज आहे, १९९९ साली बांधलेला, शिंगांसारखी दोन वजनं असलेला पादचारी पूल. रॉय यांची छत्रीवजा समाधी मात्र आर्नोस व्हेलच्या दफनभूमीत, स्टेशनच्या पलीकडे आहे. त्याच दिवशी जायचं असेल तर सकाळी आधी तीच उरका.