भटक्यांच्या चर्चामंचासाठी नवे सॉफ्टवेअर निवडताना

सह्याद्रीतील गडकोटांवर भटकणाऱ्यांच्या एका मराठी चर्चामंचाची व्यवस्था मी काही मित्रांसोबत पाहतो. हा मंच पीएचपीबीबी या मोफत सॉफ्टवेअरच्या बऱ्याच जुन्या आवृत्तीवर चालत असे. मोबाइलवर त्याचे पान बोटांनी ताणून वाचावे लागे, फोटो चढवण्याआधी लहान करून घ्यावे लागत आणि बनावट सदस्यांच्या जाहिराती पुसण्यात व्यवस्थापकांचा वेळ जाई. बदल हवा, यावर कोणाचेच दुमत नव्हते. वाद होता तो नेमके काय घ्यावे, याचा.

पहिली सूचना अर्थातच व्हॉट्सॲपची आली. ट्रेकची तारीख आणि गाड्या ठरवायला व्हॉट्सॲप सोयीचेच आहे. परंतु बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढू पाहणाऱ्या नवख्याला चार वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलेले टिपण तेथे सापडणार नाही आणि गटात नसलेल्याला तर ते दिसणारही नाही. आमच्या मंचाची खरी पुंजी जुने धागे, म्हणजे एकेका विषयावरच्या साठलेल्या चर्चा, हीच असल्यामुळे ही सूचना लवकरच मागे पडली.

उरलेल्या पर्यायांपैकी वीबुलेटिन परवान्याच्या शुल्कामुळे बाद झाले. पीएचपीबीबीचीच 2020 मध्ये आलेली 3.3 ही आवृत्ती घेणे सर्वांत कमी कष्टाचे होते, कारण तिचे पान मोबाइलवर नीट बसते. फ्लॅरमची पहिली स्थिर आवृत्ती 2021 मध्ये आली. ते हलके आहे आणि साध्या, स्वस्त होस्टिंगवर चालते. 2013 मध्ये सुरू झालेले डिस्कोर्स मात्र डॉकरमधून, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतंत्र कप्प्यात बांधून चालवणाऱ्या साधनातून, चालवावे लागते, त्यासाठी किमान एक जीबी, आणि खरे तर दोन जीबी मेमरीचा स्वतंत्र सर्व्हर लागतो आणि नोंदणीपासून सूचनांपर्यंत सर्व काही ईमेलवर अवलंबून असल्यामुळे ईमेल पाठवण्याची विश्वासार्ह सोयही करावी लागते. वर्गणीवर चालणाऱ्या मंचाला हा खर्च लहान नाही.

तुलनेचे तयार तक्ते पुष्कळ मिळतात, पण ते इंग्रजीत लिहिणारे सदस्य गृहीत धरून केलेले असतात. म्हणून आम्ही तिन्ही सॉफ्टवेअरच्या चाचणी-प्रती उभारल्या, त्यांत आमचेच काही धागे भरले आणि सदस्य नेहमी शोधतात तेच शब्द शोधून पाहिले. सर्वाधिक वेळ या शोधानेच खाल्ला, आणि तो योग्यच होता. पीएचपीबीबीचा मूळचा शोध तीन अक्षरांहून लहान शब्द सोडून देतो आणि पाच टक्क्यांहून अधिक लेखांत आलेला शब्द सामान्य मानून वगळतो. भटक्यांच्या मंचावर याचा अर्थ असा की ‘गड’ लहान म्हणून बाद आणि ‘पाणी’ नेहमीचे म्हणून बाद. या मर्यादा बदलता येतात, पण त्या आहेत हे आधी ठाऊक असावे लागते.

पुढची अडचण अधिक खोल होती. ‘पायऱ्या’ हा शब्द संगणकात दोन प्रकारे साठतो: एकदा नुक्ता असलेल्या ऱ या स्वतंत्र अक्षराने, तर एकदा साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारे जोडचिन्ह यांनी. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधयंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. शिवाय मराठीत प्रत्यय लागताना शब्दाचे मूळ रूपच बदलते. सुरुवात जुळवून शोधणाऱ्या यंत्राला ‘वाट’ शोधताना ‘वाटेने’ सापडते, पण ‘टाके’ शोधताना ‘टाक्यात’ सापडत नाही. उन्हाळ्यात पाण्याच्या टाक्यांची चौकशी करणाऱ्याला हा फरक चांगलाच महागात पडू शकतो. यावर पूर्ण उपाय तिघांपैकी एकाकडेही नव्हता. डिस्कोर्समध्ये मात्र प्रत्येक धाग्याला खूणशब्द देता येतात आणि एका खूणशब्दाला अनेक पर्यायी नावे जोडता येतात. त्यामुळे टाके, टाकी, तळे यांपैकी काहीही खूण म्हणून दिले, तरी धागा ‘पाणी’ या एकाच खुणेखाली लागतो आणि ‘एएमके’ असे लिहिणाराही अलंग-मदन-कुलंग या गडांच्या धाग्यांपर्यंत पोहोचतो. माझे मत डिस्कोर्सकडे झुकले ते येथे.

डिस्कोर्सची निवड झाल्यावर त्यातले काय बंद ठेवायचे, हा प्रश्न आला, आणि मला तो निवडीइतकाच महत्त्वाचा वाटतो. डिस्कोर्स मुळात वीस अक्षरांहून लहान प्रतिसाद स्वीकारत नाही. काना-मात्रा वेगळे मोजूनही ‘टाके कोरडे आहे’ हे वाक्य त्यात बसत नाही, आणि एप्रिलमध्ये याहून उपयोगी प्रतिसाद कोणता असणार? ती मर्यादा आम्ही खाली आणली. जुन्या धाग्यावर लिहू पाहणाऱ्याला मिळणारी ‘हा धागा जुना आहे’ ही सूचना बंद केली, कारण एका गडाची माहिती एकाच धाग्यात वर्षानुवर्षे साठत जावी, अशीच आमची पद्धत आहे. एखादा प्रतिसाद ‘उत्तर’ म्हणून नोंदवण्याची सोय काही सदस्यांना फार आवडली होती. मी तिला विरोध केला. पाण्याबद्दलचे डिसेंबरातले बरोबर उत्तर मे महिन्यात चुकीचे ठरते, आणि त्यावर हिरवी खूण असेल तर ते अधिकच घातक.

डिस्कोर्स सदस्याचा मंचावरचा वावर पाहून त्याला टप्प्याटप्प्याने अधिक मोकळीक देते; विश्वासाच्या या पातळ्यांवर सर्वांत जास्त चर्चा झाली. नव्या सदस्याची पातळी शून्य असते. पाच धागे उघडून, तीस लेख वाचून, दहा मिनिटे मंचावर घालवली की ती एक होते. जाहिरातबाजांना रोखायला ही युक्ती उत्तम आहे. परंतु शून्य पातळीवर एका लेखात एकच चित्र देता येते, आणि वाट दाखवणारे पाच-सहा फोटो घेऊन येणारा नवा सदस्य आम्हाला हवाच असतो, म्हणून चित्रांची मर्यादा वाढवली आणि दुव्यांची तशीच ठेवली. तिसऱ्या पातळीसाठी शेवटच्या शंभर दिवसांपैकी निम्मे दिवस हजेरी लागते. आमचे जाणते सदस्य पावसाळा संपला की उगवतात आणि उन्हे तापली की दिसेनासे होतात. त्यांची पातळी व्यवस्थापकांनी हाताने कायम करून ठेवली.

स्थलांतरासाठी डिस्कोर्ससोबत पीएचपीबीबीकरिता तयार आज्ञावली मिळते. तिने लेख, सदस्य आणि जोडलेली चित्रे आणली. सर्वांत जुन्या लेखांत देवनागरी अक्षरांऐवजी त्यांचे क्रमांक साठलेले होते, म्हणजे ‘ग’च्या जागी 2327, ते पुन्हा अक्षरांत आणले आणि त्याच वेळी सर्व लेखांतला ‘ऱ्य’ एकाच पद्धतीचा केला. जुने दुवे नव्या धाग्यांकडे वळवले, कारण अनेकांच्या ट्रेकवर्णनांत ते दिलेले आहेत. जुने पासवर्ड आम्ही मुद्दामच आणले नाहीत. प्रत्येकाने ईमेलवरून नवा घ्यायचा होता. ज्यांचे ईमेल पत्ते बंद पडले होते, त्यांची ओळख पटवण्याचे काम ट्रेकचे जुने सोबतीच करत आहेत आणि ते अजून संपलेले नाही. पानांचे क्रमांक जाऊन धागा सलग सरकत राहतो, ही ज्येष्ठ सदस्यांची तक्रारही कायम आहे; तिच्यावर या सॉफ्टवेअरमध्ये सोपा उपाय नसल्याचे त्यांना स्पष्ट सांगितले आहे.