पांढऱ्या ओठांची मॉली

यंदाच्या जानेवारीत, निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या रोज येत होत्या त्या आठवड्यात, नाशिकच्या इंदिरानगरमधील आमच्या घरच्या माशांच्या मोठ्या टाकीतल्या एका काळ्या मॉलीच्या ओठांवर मला पांढरी कड दिसली. दूधभात खाऊन तोंड न पुसताच झोपी गेलेल्या मुलाच्या ओठांवर असते तशी ती कड होती, आणि खरे सांगायचे तर पहिल्या दिवशी मी तिच्याकडे पाहून हसलोही. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मॉली पंख अंगाशी मिटून, फिल्टरच्या धारेजवळ एकाच जागी डुलत उभी होती. खायला टाकले तर तोंड उघडायची, पण दाणा आत जात नव्हता. तिच्या पाठीवरच्या पंखाच्या दोन्ही बाजूंनी, घोड्यावर खोगीर टाकावे तसा, एक फिकट पट्टा उमटला होता. संध्याकाळी ती तळाशी आडवी पडलेली मिळाली.

घरात एकूण चार टाक्या. बैठकीत 200 लिटरची मोठी, पुस्तकांच्या कपाटावर 60 लिटरची, मुलीच्या खोलीत 40 लिटरची आणि गॅलरीत आईची गोल्डफिशची. मासे पाळण्याचे हे माझे बारावे वर्ष असल्यामुळे रोग ओळखण्याबाबत माझा स्वतःवर अंमळ जास्तच विश्वास होता. आदल्या रात्री वीज गेली होती, हीटर बंद पडला होता आणि सकाळी टाकीचे तापमान 19 अंशांवर आले होते. थंडीचा धक्का बसला की अंगावर मिठाचे दाणे शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके येतात, तो ‘इक’ नावाच्या परजीवीचा रोग मी अनेकदा पाहिला आहे. हा परजीवी माशाच्या कातडीखाली असेपर्यंत औषधाला दाद देत नाही. पोसला की गळून तळाशी जातो, तिथे एकाची शेकडो पिल्ले होतात, आणि ती नवा मासा शोधत पोहू लागली म्हणजे मगच औषध त्यांच्यापर्यंत पोहोचते. म्हणून पाणी तापवून त्याचे चक्र वेगाने फिरवायचे, हा ठरलेला उपाय. मी हीटर 30 अंशांवर नेला. दुकानदाराने ‘बुरशीचे दिसते’ असे म्हणून निळे औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, दिले होते, तेही टाकले. पांढरे दिसले की ठिपके, नाहीतर बुरशी, यापलीकडे आम्हा दोघांचेही निदान गेले नाही.

पुढच्या चार दिवसांत मोठ्या टाकीतील 17 मासे गेले.

सकाळी धडधाकट दिसणारा मासा दुसऱ्या सकाळी मेलेला असे. क्षयासारखा रोगही मासे पाळणाऱ्यांना ठाऊक असतो, पण त्यात मासा महिनोन्‌महिने वाळत जातो. ही घाई त्याची नव्हती. निऑन टेट्राचा रंग उडवणारा रोग म्हणावा, तर मरण्यात मॉली आणि गप्पीच पुढे होते. त्याहून गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे पाचव्या दिवशी कपाटावरच्या टाकीत, आणि सहाव्या दिवशी मुलीच्या टाकीत तीच पांढरी कड दिसली. या टाक्यांचे पाणी वेगळे, मासे वेगळे, खोल्याही वेगळ्या. शेजारचे काका म्हणाले, हवेतून येत असेल. मलाही क्षणभर तसेच वाटू लागले.

माझ्या एका सवयीचा इथे उपयोग झाला. टाक्यांचे तापमान, पाणी बदलल्याचा दिवस, नवे मासे केव्हा आणले, हे सारे मी एका वहीत टिपत असतो. ती वही उघडून बसलो तेव्हा दिसले की रोग ज्या क्रमाने पसरला, तोच रविवारी टाक्या साफ करण्याचा माझा क्रम होता: आधी मोठी, मग कपाटावरची, शेवटी मुलीची. तिन्हींसाठी जाळी एक, पाणी काढायची नळी एक, बादली एक. आईच्या टाकीला मात्र मी हात लावत नाही. ती स्वतःच्या तांब्याने पाणी काढते आणि चहाच्या जुन्या गाळणीने घाण उचलते. ती गाळणी गॅलरीतल्या खिळ्यावर टांगलेली असते. तिचे चारही गोल्डफिश ठणठणीत होते. तिथे हीटर नाही, पाणी थंड, हेही एक कारण असणारच; पण जाळीवरची ओल एका टाकीतून दुसरीत जात होती आणि ती माझ्याच हातांनी जात होती, याबद्दल वही वाचल्यावर मला शंका उरली नाही. त्याच वहीत, पहिली मॉली आजारी पडण्याच्या पाच दिवस आधी, ‘सहा प्लॅटी आणल्या, थेट मोठ्या टाकीत सोडल्या’ अशी नोंदही होती. नाशिकच्या दुकानांत येणारे शोभेचे मासे बहुतेक मुंबईहून किंवा कोलकात्याहून थर्माकोलच्या खोक्यांत, प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून येतात. इतक्या प्रवासाने थकलेल्या माशाला मी एक दिवसही वेगळे ठेवले नव्हते.

माझी भाची प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. ती सूक्ष्मदर्शक घेऊन आली, तेव्हा नुकत्याच मेलेल्या एका गप्पीच्या ओठावरचा पांढरा थर तिने सुईच्या टोकाने अलगद खरवडला, काचपट्टीवर टाकीतल्याच पाण्याच्या थेंबात पसरला आणि 400 पटींवर दृश्य स्पष्ट करून मला पाहायला बोलावले. बारीक, लांबट काड्या दिसल्या. त्या सरपटत होत्या, मधूनच वाकत होत्या. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा पाहिले तर थराच्या कडेला त्या एकावर एक चढून उभ्या राहिल्या होत्या. खळ्याशेजारी कडब्याची गंजी रचलेली असते, अगदी तशा. “मामा, ही बुरशी नाही,” ती म्हणाली, “बुरशीचे धागे याहून पुष्कळ जाड आणि फांद्या फुटलेले दिसले असते. हे जिवाणू आहेत. नक्की नाव लावायचे तर प्रयोगशाळेत वाढवून पाहावे लागेल, पण या गंजी म्हणजे कॉलम्नॅरिसची खूण मानतात.”

खांबासारख्या या रचनेवरूनच त्याला ते नाव मिळाले आहे. अमेरिकेत डेव्हिस यांनी 1922 मध्ये गोड्या पाण्यातील माशांत त्याचे पहिले वर्णन केले. आजचे त्याचे शास्त्रीय नाव फ्लॅव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअर. दिसायला कापसासारखा थर येतो म्हणून जगभर लोक त्याला बुरशी समजत आले आहेत, तेव्हा मी फार वेगळा मूर्खपणा केला नव्हता. केला तो हीटरच्या बाबतीत. हा जिवाणू उबदार पाण्यात झपाट्याने वाढतो. 19 अंशांच्या पाण्याने माशांची ताकद घटवली असेल. पण 30 अंशांच्या पाण्याने रोगाला बळ दिले, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे कल्ले आधीच खराब झालेल्या माशांचा श्वासही तोडला. म्हणजे ज्या उपायावर माझी भिस्त होती, तोच उपाय उलटला होता. आमच्या इमारतीत बोअरचे कठीण पाणी मिसळून येते, आणि हा जिवाणू कठीण पाण्यात अधिक काळ तग धरतो, हे भाचीकडून कळले तेव्हा मला आणखी काही ऐकायचे राहिले नाही.

त्या रात्री हीटर थोडा थोडा करून 24 अंशांवर आणला. एअर पंपाचे दोन जादा दगड सोडले. मॉली, गप्पी, प्लॅटी यांना मीठ मानवते, म्हणून लिटरला दोन ग्रॅम या हिशेबाने खडे मीठ बादलीत विरघळवून तीन हप्त्यांत घातले. कोरिडोरस आणि टेट्रांना ते तितके सोसत नाही, म्हणून त्यांना आधी वेगळ्या बादलीत हलवले. पशुवैद्यकांनी ऑक्सिटेट्रासायक्लिन सुचवले. ते पाण्यात टाकू नका, खाण्यातून द्या, असेही बजावले, कारण कठीण पाण्यातील कॅल्शियम त्या औषधाला धरून ठेवते आणि औषध माशापर्यंत पुरेसे पोहोचतच नाही. अडचण एवढीच की, ज्या माशाचे ओठच गेले आहेत तो खाणार कसा? जे खात होते ते बहुतेक वाचले. जे खात नव्हते त्यांच्याजवळ मी नुसता बसून राहिलो.

आठव्या दिवशी मृत्यू थांबले असे वाटत असतानाच, अंगावर एकही डाग नसलेले मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. हा रोग नव्हता. ही निळ्या औषधाची उधारी होती. फिल्टरच्या स्पंजमध्ये माशांच्या मलमूत्रातला अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू असतात. मिथिलीन ब्लू भलेबुरे पाहत नाही, त्याने तेही मारले होते. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता सांगणारा आकडा, 8 होता, आणि त्या पीएचला अमोनियाचा विषारी भाग 7 पीएचच्या पाण्यापेक्षा सुमारे दहापट असतो. मग रोज चौथा हिस्सा पाणी बदलणे, तेही क्लोरीन मारून आणि तेच तापमान साधून, हा कार्यक्रम दोन आठवडे चालला. रोग न लागलेला, ते उपयोगी जिवाणू जिवंत असलेला स्पंज हवा होता, तो आईने स्वतःच्या टाकीतला अर्धा कापून दिला. देताना माझ्याकडे पाहून ती काहीच बोलली नाही, आणि तेच जास्त लागले.

58 माशांपैकी 27 वाचले. एका प्लॅटीचा वरचा ओठ थोडा झडला आहे. ती आता दाणा समोरून न घेता कुशीवर वळून उचलते, आणि इतरांपेक्षा दोन दाणे कमीच मिळाले तरी टिकून आहे. प्रत्येक टाकीला आता स्वतःची जाळी आहे, दांड्याला वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधलेली. साफसफाईनंतर जाळ्या गॅलरीत उन्हात खडखडीत वाळतात, कारण ओल गेली की या जिवाणूचा बहुतेक जोर जातो. नवे मासे चार आठवडे 20 लिटरच्या बादलीत वेगळे राहतात. मागच्या महिन्यात आणलेल्या चार कोरिडोरसचे अजून नऊ दिवस बाकी आहेत आणि मुलगी रोज संध्याकाळी आकडा विचारते.

जाळ्या टांगण्यासाठी मी गॅलरीत तीन नवे खिळे ठोकले, तेव्हा आईने आपली गाळणी उचलून पलीकडच्या भिंतीवर नेली. तुझ्या जाळ्यांशेजारी नको, म्हणाली.