तुम्ही विचारलंत म्हणून : पिल्लू पोपटाला कुठलं व्हिटॅमिन सुरू करू?

घरात पोपटाचं पिल्लू आलं की काही दिवसांतच मला हा प्रश्न येतो. सोबत बहुतेक वेळा एका बाटलीचा फोटो असतो : पाण्यात टाकायचे थेंब, लेबलवर झळझळीत पिसांचा पक्षी. किती थेंब आणि रोज की दिवसाआड, एवढंच विचारणाऱ्याला हवं असतं. मी उलट विचारते, तो खातो काय? "मिक्स सीड्स. आणि शेंगदाणे फार आवडतात त्याला." मग माझा पुढचा प्रश्न : वाटीत काय घालता ते राहू दे, संध्याकाळी वाटीत काय उरतं ते सांगा.

सगळं उत्तर त्या उरलेल्यात आहे. पोपट दिलेलं सगळं खात नाही, वेचून खातो. पाच-सहा प्रकारच्या दाण्यांचं मिश्रण समोर ठेवलं तर तो आधी सूर्यफूल उचलतो, मग शेंगदाणा, आणि पोट भरलं की बाकीचं चोचीने बाहेर भिरकावतो. सोललेल्या सूर्यफुलाच्या बीमध्ये वजनाने साधारण निम्मी चरबी असते. 'अ' जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच, कॅल्शियम अगदी थोडं आणि फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट. रानातला पोपट असं स्निग्ध बी खातो खरा, पण तो दिवसभर उडतो आणि फळं, कळ्या, पानं, साल असं काय काय कुरतडत फिरतो. पिंजऱ्यातलं पिल्लू दोन दांड्यांमध्ये हलतं. म्हणून पाकिटावर छापलेली घटकांची यादी तुमच्या पक्ष्याच्या पोटात जातेच असं समजू नका.

जीवनसत्त्वांची पहिली ओळख माणसाला पक्ष्यांनीच करून दिली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. 1890 च्या दशकात जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरांच्या लक्षात आलं, की पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकटचा तांदूळ दिला की त्या सावरतात. त्यातूनच पुढे 'बी-1' जीवनसत्त्वापर्यंतची वाट निघाली आणि 1929 मध्ये आइकमान नोबेलचे मानकरी ठरले. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ हेन्रिक डाम यांना 'के' जीवनसत्त्वाचा माग लागला तोही विशिष्ट खाद्यावर वाढणाऱ्या कोंबडीच्या पिल्लांना रक्तस्राव होऊ लागला तेव्हा. म्हणजे खाण्यात एखादा घटक नसला तर पक्ष्याचं शरीर किती लवकर कोलमडतं, हे आपल्याला शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. तरीही पोपट म्हटलं की आपण सूर्यफुलाची मूठ पुढे करतो.

पाळीव पोपटांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी उणीव 'अ' जीवनसत्त्वाची. ती चोरपावलांनी येते. तोंड, नाक, श्वासनलिका यांच्या आतलं ओलसर अस्तर हळूहळू कोरडं आणि जाड होत जातं, आणि ज्या अस्तराने जंतू अडवायचे तेच निकामी होतं. मग वारंवार शिंका, नाकपुडीत खडा धरल्यासारखी घट्ट घाण, तोंडात पांढुरक्या गाठी, पायाच्या तळव्याची झिजून गुळगुळीत झालेली कातडी. टाळूच्या फटीच्या कडेला बारीक काट्यांसारखे उंचवटे असतात, ते बोथट होतात. पक्ष्यांचे डॉक्टर चोच उघडून आधी तिथेच पाहतात. घरच्यांना मात्र एवढंच दिसतं की "याला सारखी सर्दी होते".

याला उपाय म्हणून थेंब आणावेत असं वाटणं साहजिक आहे. पण 'अ' दोन वाटांनी मिळतं. गाजर, लाल भोपळा, रताळं, पपई, आंबा, लाल सिमला मिरची, ब्रोकोली, गडद हिरवी पानं यांत बीटा-कॅरोटिन असतं आणि शरीर गरजेपुरतंच त्याचं 'अ' मध्ये रूपांतर करतं. बाटलीतलं बहुधा तयार 'अ' असतं. ते यकृतात साठतं आणि जास्त झालं तर विषारी ठरतं. गाजराने हा धोका नाही, म्हणून माझी पसंती गाजराला. तिखट मिरचीही बेलाशक द्या. मिरचीचा जो घटक आपल्या जिभेला झोंबतो तो पक्ष्यांना जाणवतच नाही, आणि लाल मिरचीत कॅरोटिन भरपूर असतं.

पाण्यात थेंब टाकण्याच्या पद्धतीवर मात्र माझा स्पष्ट आक्षेप आहे. पोपट दिवसभरात किती पाणी प्यायला हे कुणालाच कळत नाही, त्यामुळे मात्रा ठरतच नाही. रसाळ फळं खाणारा पक्षी पाण्याला जेमतेम तोंड लावतो. उजेडात आणि पाण्यात बरीच जीवनसत्त्वं काही तासांत निकामी होतात. औषधाच्या गोडव्यावर जंतू मात्र झपाट्याने वाढतात, आणि पाण्याचा रंग किंवा चव बदलली म्हणून पिल्लू पाणी पिणंच कमी करतं, हे सगळ्यात वाईट. कोरड्या दाण्यांवर पूड भुरभुरणंही तसंच व्यर्थ. पोपट बी सोलतो, टरफल टाकतो, पूड टरफलाबरोबर खाली जाते. डॉक्टरांनी पूड दिलीच असेल तर ती किसलेल्या गाजरावर किंवा उकडून कुस्करलेल्या रताळ्यावर, ओलसर घासाला चिकटेल अशी, मोजून द्यावी.

कॅल्शियम आणि 'डी-3' यांचा विचार एकत्रच करायला हवा, कारण 'डी-3' नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. वाढत्या पिल्लाची हाडं याच काळात घट्ट होत असतात. कमतरता राहिली तर पाय वाकतात, हाड किरकोळ धक्क्याने मोडतं. आफ्रिकन ग्रे जातीत रक्तातलं कॅल्शियम घसरून झटके येण्याचं प्रमाण विशेष आहे. उन्हातल्या अतिनील किरणांच्या मदतीने पक्षी स्वतःच 'डी-3' तयार करतात. पण खिडकीच्या काचेतून ते विशिष्ट किरण जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे बंद काचेजवळचा पिंजरा उजळ दिसला तरी या बाबतीत पक्षी अंधारातच असतो. जाळी लावलेल्या सुरक्षित जागी रोज थोडा वेळ कोवळं ऊन, पिंजऱ्यात हटायला सावली, आणि समोर माणूस बसलेला, एवढी सोय झाली तर फार उत्तम. पिंजऱ्यात समुद्रफेसाचा (कटलफिश या समुद्री जीवाच्या हाडाचा) तुकडा अडकवून ठेवा, कॅल्शियम हवं असेल तेव्हा तो कुरतडतो. पालक मात्र बेताने, त्यातलं ऑक्सॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. 'डी-3' चे थेंब स्वतःच्या मनाने सुरू करू नका. जास्त झालं तर मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं, आणि मकाव जातीची पिल्लं तर याला फारच नाजूक असतात.

'क' जीवनसत्त्वाचा प्रश्न लगेच सुटतो : पोपटाचं शरीर ते स्वतः बनवतं.

पक्षी पेलेट्स, म्हणजे सगळे घटक मिसळून केलेल्या तयार खाद्याच्या गोळ्या, खात असेल तर त्यांत जीवनसत्त्वं आणि खनिजं मोजून घातलेली असतात. त्यावर आणखी मल्टिव्हिटॅमिन देणं म्हणजे दुप्पट मात्रा, आणि अ, डी, ई, के ही शरीरात साठणारी जीवनसत्त्वं आहेत. ज्याच्या आहाराचा निम्म्याहून अधिक भाग चांगल्या पेलेट्सचा आणि बाकी भाज्यांचा आहे, त्या निरोगी पिल्लाला बाटलीची गरज नाही. जातीनुसार फरक पडतो, हेही ध्यानात घ्या. निव्वळ दाण्यांवरच्या बजरीगारला (घरोघरी दिसणारा चिमुकला रंगीत पोपट) आयोडिन कमी पडून गळ्यातली ग्रंथी सुजू शकते. लोरी हा पोपट मुळात फुलांतला मध आणि पराग खाणारा, त्याचा आहारच निराळा, आणि त्याच्या शरीरात लोह साठण्याचा धोका असतो. एकाच्या घरी चाललेलं पूरक दुसऱ्याने उचलू नये, ते यासाठी.

आता पिल्लाबद्दल, कारण खरा वेळ इथे द्यायला हवा. अजून हाताने भरवावं लागतं असं पिल्लू नवख्याने घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. आलंच असेल तर पक्ष्यांच्या पिल्लांसाठीचाच फॉर्म्युला, म्हणजे पाण्यात कालवून भरवायचं तयार खाद्य, वापरा. त्यात सगळं असतं, वर काही घालू नका. गाय-म्हशीचं दूध नको, पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. भरवताना फॉर्म्युला साधारण 38 ते 41 अंश सेल्सिअस असावा आणि तो थर्मामीटरने मोजावा. जास्त गरम असेल तर गळ्याखालची अन्नाची पिशवी आतून भाजते, थंड असेल तर अन्न तिथेच साचून आंबतं.

भरवणं सुटून पिल्लू स्वतः खायला लागतं ते दिवस सोन्याचे. बजरीगारमध्ये हे पाच-सहा आठवड्यांत होतं, मोठ्या जातींमध्ये काही महिने लागतात. या काळात पिल्लू दिसेल ते चोचीत धरून पाहतं आणि "हे खायचं असतं" अशी त्याची समज घडते. तेव्हा जे समोर येत नाही त्याला मोठेपणी तो बिचकतो. म्हणून या दिवसांत सूर्यफूल बक्षिसापुरतं ठेवा आणि ताटलीत रंग येऊ द्या : किसलेलं गाजर, गाजराची जाड चकती, वाफवलेला भोपळा, मटाराची शेंग, मक्याच्या कणसाचा तुकडा. एकच भाजी तीन आकारांत देऊन पाहा. चकतीला न शिवणारा पोपट किसावर तुटून पडतो. पानं ओली करून टांगली तर लहान पोपट आधी त्यांत अंग घासतात, मग कुरतडायला लागतात. पिल्लं बघून शिकतात, तेव्हा त्याच्यासमोर बसून तेच गाजर तुम्हीही चवीने खा. एकदा नाकारलं म्हणून भाजी बंद करू नका. दहादा दुर्लक्ष करून अकराव्यांदा खाणारे पोपट असतात.

दाण्यांची सवय लागलीच असेल तर ती हळू मोडावी लागते. सकाळी भूक असते तेव्हा भाज्या आणि पेलेट्स आधी, दाणे नंतर मोजून. "भूक लागली की खाईल" या हिशेबाने दाणे एकदम बंद करणं लहान पक्ष्याच्या जिवावर बेतू शकतं. वाटीशी खुडबुड चालू दिसते आणि पोटात काहीच जात नसतं. विष्ठा कमी आणि गडद हिरवी झाली तर तो उपाशी आहे असं समजा. ग्रॅममध्ये मोजणारा काटा घ्या आणि रोज सकाळी, खाण्याआधी, वजन लिहून ठेवा. बाटलीच्या पैशांत काटा येत असेल तर आधी काटाच घ्या. पक्षी आजार लपवतात, वजन लपत नाही. भरवणं सुटताना पिल्लाचं वजन थोडं उतरतं. पण खाणाऱ्या पक्ष्याचं वजन दहाव्या हिश्श्याने घटलं तर वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

ॲव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, दारू, कांदा-लसूण, खारवलेले पदार्थ आणि सफरचंदाच्या बिया घरातल्या कुणीही, लाडानेही, देऊ नयेत. शेंगदाण्याला जराही बुरशीचा वास आला तर फेकून द्या, त्या बुरशीचं विष यकृतावर जातं. चिरलेली भाजी दोन-तीन तासांत काढून घ्या.

मग पूरक कधीच नको का? हवं असतं, ठरावीक वेळी. वर्षानुवर्षं दाण्यांवर राहून उणिवेची लक्षणं दिसू लागलेला पक्षी, अंडी घालणारी मादी, आजारातून उठलेला, ऊन अजिबात न मिळणारा, किंवा नवं खाणं स्वीकारेपर्यंतच्या मधल्या आठवड्यांतलं पिल्लू. यांना डॉक्टर नेमकं काय कमी आहे ते पाहून, वजनावर मात्रा काढून, ठरलेल्या मुदतीसाठी देतात. मुदत संपली की बंद. दाखवायला जाल तेव्हा वजनांची वही, घरात असलेली पूरकाची बाटली, आणि वाटीत उरलेले दाणे एका पुडीत बांधून बरोबर न्या.